जांभळ्या बासनातली वही

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलं की झांजा तेवढ्या ऐकू येतात, शब्द वाऱ्यावर जातात. आज एका हरवलेल्या वहीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट संपायच्या आत वही सापडेल, हा शब्द आधीच दिला. मात्र वाटेत कुणाचा संशय घ्याल तर हलक्या हाताने घ्या. परत मागे घ्यायची वेळ येते तेव्हा तो फार जड झालेला असतो.

१

साल अठ्ठ्याण्णव. ईस्टर होऊन तीन दिवस झाले होते. बुधवारी संध्याकाळी दुबईतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये शमुवेल साळवे गुरुजींनी पेटीचा लाकडी खोका उघडला, आत हात घातला, आणि हात तिथेच राहिला.

"वही नाही," ते म्हणाले.

तबल्यावरची हातोडी थांबली. गुरुजींनी खोका उलटा केला. आतून एक जुना रुमाल आणि दोन लवंगा पडल्या.

गुरुजी मूळचे नगरचे. सव्वीस वर्षं दुबईतल्या एका भारतीय शाळेत संगीत शिकवलं, आणि दर महिन्याला एक ख्रिस्ती कीर्तन केलं. आधी शिकवण, मग एखाद्या भल्या माणसाचं चरित्र, सगळं पेटी-तबल्यावर गाऊन. त्यांनी गायलेल्या साकीच्या ओळी ऐकायला लोक अबुधाबीहून गाडी मारत यायचे, आणि त्यात चर्चला कधी न जाणारेही असायचे. आता साठी झाली होती. व्हिसा खलास. शनिवारी सकाळचं मुंबईचं विमान, आणि त्याआधी शुक्रवारी शेवटचं कीर्तन.

कीर्तनाचा विषय होता आर्चबिशप अँब्रोज हार्टवेल. हा अँग्लिकन मंडळीचा माणूस तरुणपणी नगरकडे पाद्री म्हणून आला, अकरा वर्षं राहिला, मराठी शिकला, आणि पुढे दूर दक्षिणेकडच्या एका प्रांताचा आर्चबिशप झाला. त्याने देवाविषयी तीन लहान पुस्तकं लिहिली. त्या तिन्हींचं मराठी गुरुजींच्या वहीत होतं. शाळेच्या हजेरीपटासारखी लांबट, पातळ, कडक पुठ्ठ्याची वही, जांभळ्या रेशमी बासनात गुंडाळलेली. दुसरी प्रत नव्हती. नगरला पोचल्या पोचल्या ती छापायला द्यायची होती.

"शनिवारच्या रिहर्सलला होती," गुरुजी खुर्चीत बसत म्हणाले. "मग मी ती खोक्यात ठेवली. नेहमी खोक्यातच ठेवतो."

पहिल्या बाकावरून विल्मा लोपीस उठली. विल्मा वसईची, कॅथलिक, देराच्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. चौदा वर्षं तिथलं हरवलं-सापडलंचं रजिस्टर तिच्याकडे. नवऱ्याबरोबर, सिप्रियनबरोबर, ती इथे येत असे ती निव्वळ कीर्तनाच्या ओढीने.

"गुरुजी, पाणी प्या," ती म्हणाली. "वस्तूला पाय नसतात. कुणीतरी कुठेतरी ठेवली असेल. ट्रंका बघितल्या का?"

"मागच्या स्टोअरमध्ये एकच ट्रंक गेली, जांभळ्या कपड्यांची," सिप्रियन म्हणाला. "मीच भरली. यादीत सात, आत सात. टिक मारली, कुलूप लावलं. तिथे तुझं काही काम नाही."

"सात?" मागून हेमाने विचारलं. चर्चचे कपडे सांभाळणं तिच्याकडे होतं.

"सात म्हणजे सात! बँक्वेट कॅप्टन आहे मी, हेमा. हजार नॅपकिन मोजतो रोज."

हेमाने मान हलवली आणि ग्लासातलं पाणी एका दमात संपवलं.

गुरुजी विल्माकडे बघत हळूच म्हणाले, "शुक्रवारी एक नाव घ्यायचं होतं मला. त्या वहीवाचून कसं घेऊ?"

२

तुम्ही विचाराल, चर्चमधून वही जाते कशी? तर तो हॉल कुणा एकाचा नव्हता. मल्याळी, तमिळ, उर्दू, फिलिपिनो, मराठी, सगळ्यांची उपासना त्याच हॉलमध्ये, घड्याळ लावून. एकाचं आमेन आणि दुसऱ्याची पहिली ओळ यांच्यात दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत आपलं सामान उचलायचं, बाक पुसायचे, यल्ला, चला, बाहेर. त्या शनिवारी मराठीनंतर मल्याळी क्वायरची वेळ होती, आणि ईस्टरसाठी हॉल सजवायचाही होता.

"म्हणजे परका माणूस घुसायला दहा मिनिटं," सिप्रियन म्हणाला. "आणि आपला माणूस? पेटीवाला संजय! तो कधीपासून वही मागतोय. नाहीतर याकूब. सगळ्या चाव्या त्याच्याकडे. त्याच्या खोलीची झडती घ्या, मी सांगतो."

याकूब वॉचमन दारातच उभा होता, चहाचा ट्रे घेऊन. मालेगावचा माणूस, मराठी पुरतं कळायचं. त्याने ट्रे खाली ठेवला. एकही कप वाजला नाही.

"सिप्रियन, खाली बैस," गुरुजी म्हणाले. मघाशी पडलेला आवाज आता कीर्तनाला उभा राहिल्यासारखा होता. "हार्टवेल साहेबाची अंगठी हरवली होती, ठाऊक आहे? आर्चबिशपची अंगठी, जांभळ्या खड्याची. घरात झाडलोट करायला एक बाई होती. साहेबाने तिच्या ट्रंकेची झडती घेतली. काही मिळालं नाही, तरी तिला कामावरून काढलं. सात महिन्यांनी शिंप्याने साहेबाचा झगा उसवला, तर अंगठी अस्तरात."

"मग?" विल्माने विचारलं.

"साहेब नऊ मैल चालत तिच्या गावी गेला. ती दार उघडेना. मग त्याने कोपऱ्यातला झाडू घेतला आणि तिचं अंगण झाडायला लागला. आर्चबिशप! सगळं गाव बघतंय. अंगण झाडून झालं तेव्हा दार उघडलं. साहेब म्हणाला, बाई, अंगठी घरातच होती, हरवलो होतो मी. तिसरं पुस्तक त्याने त्यानंतर लिहिलं. येशूने सांगितलेली नाण्याची गोष्ट आहे ना, बाईचं नाणं हरवतं, ती दिवा लावते, घर झाडते? साहेब लिहितो, देव त्या बाईसारखा आहे. देवाच्या हातात झाडू आहे. तो घर झाडतो, माणसांची झडती घेत नाही."

सिप्रियन उठला, ट्रेमधला एक कप उचलून याकूबच्या हातात दिला आणि म्हणाला, "भाई, माफ कर. जुबान फिसल गई."

"कोई बात नहीं, साब," याकूब म्हणाला. कप घेतला, पण प्यायला नाही. मग विल्माकडे वळला. "मॅडम, एक बात बोलूं? शनिवार को संजयसाब चाय से पहले निकल गए थे. मैंने ही गेट खोला. पेटी, खोका, सब गाडी में था. और गुरुजी चाय के बाद भी किताब बगल में दबाके घूम रहे थे."

गुरुजींचा चेहरा उतरला. कारण मग त्यांनी वही खोक्यात ठेवलीच कशी? खोका तर तेव्हा अबुधाबीच्या रस्त्याला लागला होता.

३

संजय अबुधाबीत बँकेत. गुरुवारी सकाळी विल्माने त्याला ऑफिसच्या फोनवर गाठलं.

"वहिनी, तुम्ही का फोन केलात ते कळलं मला," तो म्हणाला. "वही मागत होतो, गुरुजी देत नव्हते. आता चोर कोण? पेटीवाला!"

"तसंच काही लोक म्हणाले. मी नाही म्हटलं."

"बरं केलंत. पेटीचा भाता फाटला होता, म्हणून लवकर निघालो. खोका रिकामा होता. काल संध्याकाळी पेटी परत आणून ठेवली आणि लगेच परतलो, बस. आणि वहिनी, मला वही चालींसाठी हवी होती. आमच्याकडे देव वेगळा असेल, पण त्या माणसाचा सूर ऐकून मी परत जाताना गाडीत रेडिओ लावत नाही."

विल्माने फोन ठेवला. संजय सुटला. म्हणजे वही आपल्या रोजच्या जागेवर जाऊच शकली नव्हती. मग हातात ती घेऊन फिरणाऱ्या गुरुजींनी ती टेकवली कुठे?

करामाच्या घरी ती पोळ्या लाटत होती तेव्हा लॉरा येऊन ओट्याला टेकली. लॉरा म्हणजे तिची मुलगी, कॉलेजात शिकणारी, दुबईतच वाढलेली. मराठी कळायचं सगळं, उत्तर अर्धंअधिक इंग्रजीत.

"मम्मी, आय हॅव टू टेल यू समथिंग. डोंट शाउट."

"आधी सांग, मग ठरवते."

"गुरुजी आस्क्ड मी टू चेक द ट्रान्सलेशन. चर्चच्या शेल्फवर हार्टवेलची तिन्ही बुक्स आहेत ना, ही रेड आउट द मराठी अँड आय फॉलोड द इंग्लिश. अँड मम्मी, अकरा ठिकाणी मराठीत जास्त आहे. होल पॅराग्राफ्स! आर्चबिशपने लिहिलेलेच नाहीत. मी त्यांना सॅटर्डेला सांगितलं. ही वेंट सो क्वाएट."

विल्माचं लाटणं थांबलं. शनिवारी हे कळलं आणि शनिवारीच वही गेली. ज्या माणसाने आर्चबिशपच्या तोंडी आपली वाक्यं घातली, त्याला वही लोकांसमोर यायला नको असेल तर?

"आणि हेमा आंटीला विचारू नको हां आता," लॉरा जाता जाता म्हणाली. "शी'ज ऑलरेडी स्ट्रेस्ड. काल करामा मार्केटमध्ये पर्पल सॅटिन घेत होती, मीटरला अठरा दिरहॅम, आणि शॉपकीपरला रडवेली होऊन म्हणत होती, म्हणजे दोनशे रुपये झाले की हो!"

४

गुरुवारी दुपारी गुरुजींच्या घरात सगळ्या वस्तू खोक्यांत गेल्या होत्या. भिंतीवर फक्त एक फोटो उरला होता. जाड भिंगांचा चष्मा लावलेली, हसू दाबून धरलेली एक बाई.

"ही सुवार्ता," गुरुजी म्हणाले. "चार वर्षं झाली तिला जाऊन."

विल्माने आडवळण घेतलं नाही. "गुरुजी, लॉराने मला सांगितलं. वही तुम्हीच लपवलीत का?"

गुरुजींनी फोटो भिंतीवरून काढून मांडीवर घेतला.

"मला इंग्रजी बेताचंच येतं, विल्मा. शाळेचा गाण्याचा मास्तर मी. भाषांतर सगळं सुवार्ताने केलं. शाळेत शिकवून आली की भाजी चिरता चिरता वाचायची, आणि रात्रीचं जेवण झाकून लिहायला बसायची. आर्चबिशपचं एखादं वाक्य पटलं नाही की खाली स्वतःचं लिहायची. म्हणायची, साहेब पुरुष आहे, त्याने आयुष्यात एकदाच अंगण झाडलं. मी रोज झाडते, मला याच्यापुढचं ठाऊक आहे. ते अकरा उतारे तिचे."

"आणि लोकांना वाटलं..."

"लोकांनी मला हार घातले. पहिल्या वेळी मी सांगणार होतो. मग दुसऱ्या वेळी सांगायला लाज वाटली, आणि मग वीस वर्षं गेली. ती कधी बोलली नाही, नुसती हसायची. लॉराने अकरा जागा मोजून दाखवल्या तेव्हा मी घाबरलो नाही गं. मला वाटलं, अरे, निदान एका पोरीने तरी हिला वेगळं ओळखलं! शुक्रवारी तिचं नाव घ्यायचं, तिच्या हातचं अक्षर सगळ्यांना दाखवायचं. नुसतं तोंडाने सांगितलं तर म्हणतील, म्हातारा बायकोच्या आठवणीने हळवा झालाय."

विल्माने डोळे पुसले. "बासन कशाचं होतं?"

"तिच्याच लुगड्याचं. लग्नातलं जांभळं रेशीम."

५

विल्मा बसमध्ये खिडकीशी बसली, डोळे मिटले, आणि मनातल्या मनात शनिवारचा हॉल झाडायला लागली. वेदीपासून सुरुवात, दारापर्यंत.

खोका नाही, तो गाडीत. गुरुजींच्या काखेत वही. मल्याळी क्वायर दाराशी खोळंबलेली. याकूब कप गोळा करतोय. गुरुजी चप्पल शोधायला वाकतात, दोन्ही हात मोकळे हवेत. जवळ काय आहे? पहिला बाक. त्या बाकावर काय होतं?

घरी आल्या आल्या तिने सिप्रियनला टीव्हीसमोरून उठवलं.

"सिप्री, शनिवारी पहिल्या बाकावरून काय उचललंस?"

"पुन्हा तेच? जांभळे कपडे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस वेदीवर, क्रुसावर जांभळं असतं, ईस्टरला पांढरं लागतं. हेमाचं डोकं दुखत होतं, ती म्हणाली, तुम्ही भरा. एकावर एक रचलेले होते, मी ट्रंकेत टाकले. याकूबने ट्रंक स्टोअरला नेली. आता नाताळच्या आधी पुन्हा जांभळं लागेल तेव्हाच, डिसेंबरशिवाय उघडायची नाही."

"घड्या उघडून बघितल्यास?"

"नॅपकिन कुणी उघडून मोजतं का? कडा मोजायच्या. सात कडा."

"आणि हाताला कशा लागल्या?"

"कडक. तूच तर हेमाला शिकवलंस, सॅटिनला सुरकुती पडू नये म्हणून आत पुठ्ठा घालून घडी कर. आपल्या हॉटेलची पद्धत."

विल्मा मटकन सोफ्यावर बसली. लांबट पुठ्ठा, वर जांभळं कापड. आणि कडक पुठ्ठ्याची लांबट वही, वर जांभळं बासन.

"पण विल्मा, सात होते," सिप्रियन म्हणाला. "वही आत गेली असती तर आठ झाले असते. हिशेब जुळतोय."

"जुळतोय, तेच तर," विल्मा हळूच म्हणाली. "सात आहेत, आणि त्यातली एक वही असेल, तर एक कापड कुठे आहे?"

तिला गुड फ्रायडेच्या रात्रीचा फोन आठवला. हेमा विचारत होती, वहिनी, सॅटिनवर इस्त्रीचा डाग पडला तर हॉटेलात काय करता? माझ्या मैत्रिणीच्या पडद्याला पडलाय. आणि बुधवारी तिने दचकून विचारलेलं, "सात?" आणि मार्केटमधलं ते जांभळं सॅटिन.

सिप्रियन उठलाच. "चल, आत्ता सगळ्यांना सांगू."

"कुणालाही नाही," विल्मा म्हणाली. "झडती नाही घ्यायची."

६

शुक्रवारी सकाळी, उपासनेच्या दोन तास आधी, विल्मा हेमाच्या दारात उभी राहिली. हातात गरम वड्यांचा डबा.

"हेमा, मी हॉटेलात लागले त्या वर्षी एका लेबनीज नवरीचा झगा जाळला," ती बसता बसता म्हणाली. "बरोब्बर मधोमध. आणि तीन दिवस लिनन रूममध्ये दडवून ठेवला. तेव्हाचे ते तीन दिवस मला अजून आठवतात. झग्याचं काय झालं ते विसरलेसुद्धा."

हेमाचा चेहरा आधी कोरा, मग एकदम फुटला. ती आत गेली आणि पलंगाच्या गादीखालून एक कापड घेऊन आली. क्रुसावर घालायचं जांभळं सॅटिन, मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग.

"आपल्या चर्चच्या पाद्रीसाहेबांच्या आईने स्वतः शिवून पाठवलं होतं," ती हुंदके देत म्हणाली. "मी पहिल्याच वर्षी जाळलं. म्हटलं, तसंच नवीन शिवून गुपचूप ठेवावं. मग सिप्रियनभाऊ म्हणाले, सात आहेत. वहिनी, मला वाटलं देवानेच माझी लाज झाकली. कसं झालं याचा विचारच केला नाही मी. विचार करायची भीती वाटली."

"कर आता. मी आहे."

हेमा रडता रडता थांबली. नजर डागावर गेली, मग विल्माच्या तोंडाकडे, आणि तिच्या हातातला रुमाल खाली पडला. "अगं बाई... गुरुजींची वही!"

ट्रंकेची चावी हेमाकडेच होती. स्टोअरमध्ये याकूबने दिवा धरला. एक घडी, आत पुठ्ठा. दुसरी, पुठ्ठा. तिसरी, चौथी, पाचवी. विल्माने दिवा जवळ घ्यायला सांगितला. सहावी, पुठ्ठा.

सातवीची कड हाताला वेगळी लागली. मऊ, जुनी, लुगड्याची. आणि आत चष्मेवाल्या बाईचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.

"अल्हम्दुलिल्लाह," याकूब म्हणाला. आणि मघापासून दुसऱ्या हातात धरलेला चहाचा कप त्याने तोंडाला लावला.

७

कीर्तनाला हॉल ओसंडला. संजयने नव्या भात्यावर सूर धरला. गुरुजींनी हार्टवेल साहेबाला नगरच्या धुळीतून चालवलं, आर्चबिशप केलं, अंगठी हरवली, नऊ मैल पायी नेलं आणि झाडू हातात दिला. मग झांजा थांबवल्या आणि वही उघडून लोकांकडे वळवली.

"हे अक्षर माझं नाही," ते म्हणाले. "वीस वर्षं तुम्ही जे ऐकलंत ते सुवार्ताबाई साळवेंनी लिहिलेलं. आणि आर्चबिशपच्या पुढचा हा उतारा तर तिचाच. ऐका. 'नाणं सापडल्यावर बाई शेजारणींना बोलावते, असं प्रभू सांगतो. का बोलावते? कारण शोधताना तिने प्रत्येकीच्या दाराकडे संशयाने बघितलेलं असतं. म्हणून देव सापडलेल्याचा आनंद एकटा करत नाही. ज्यांच्यावर संशय गेला त्यांना आधी जेवायला वाढतो.'"

लॉरा पहिल्या बाकावर होती. "दॅट्स नॉट इन द इंग्लिश," ती आईच्या कानात म्हणाली. "दॅट्स बेटर."

हेमा आपण होऊन उठली. सगळ्यांसमोर डागाचं कापड उलगडून तिने पाद्रीसाहेबांना दाखवलं आणि झालं ते सांगितलं. साहेबांना मराठी कळत नव्हतं, डाग कळला. ते म्हणाले, आईने माझे शाळेचे तीन शर्ट याहून वाईट जाळले होते.

गुरुजींनी वही छातीशी धरली आणि बासन हेमाच्या हातात दिलं. "वहीला आता छापखाना मिळेल. हे तू क्रुसावर घाल. सुवार्ताचं आहे, सुरकुत्यांना भीत नाही."

सिप्रियन हॉलच्या मागून ओरडला, "म्हणजे सात झाले! मी सांगत होतो ना!" आणि सगळा हॉल हसला. त्या दिवशी आवारात जेवणं झाली तेव्हा याकूबला आणि संजयला पहिलं ताट सिप्रियननेच वाढलं.

शनिवारी विमान वेळेवर सुटलं. वही आता छापील आहे, आणि पहिल्या पानावर दोन नावं आहेत.

एवढंच मागणं आहे. ईस्टरच्या आधी कुठल्या चर्चमध्ये क्रुसावर जांभळं कापड दिसलं, किंवा कुणाचं गोड कीर्तन ऐकून तुमची मान डोलली, तर एक क्षण थांबा. भाजी चिरता चिरता लिहिणाऱ्या, नाव न मागणाऱ्या सुवार्ताबाईंची आठवण काढा.